जुने नाव केव्हा पुसावे? : संगणकशास्त्रातील एक पाठ

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आज संगणकक्षेत्रात काम करतात. त्यांच्या कामाचे स्वरूप पालकांनाही उमगावे, म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने केलेला हा अल्प प्रयत्न.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९९१ पासून जगभरातील लोक मिळून लिहीत आहेत. डिस्क, नेटवर्क यांसारख्या यंत्रांशी बोलणारा तिचा भाग म्हणजे ड्रायव्हर. समजा, ‘काम झाले’ असे सांगणारी एक खूण स्मृतीत आहे. ड्रायव्हर ती वारंवार वाचतो. बदलणारा मात्र दुसराच असतो. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर काटकसरी असतो. समोरच्या मजकुरात ही खूण कोणी बदलत नाही, असे पाहून तो ती एकदाच वाचतो व त्याच उत्तरावर विसंबतो. काम होऊनही ड्रायव्हर ताटकळत राहतो. हे टाळण्यासाठी ‘ॲक्सेस वन्स’ हा मॅक्रो, म्हणजे आज्ञेचे लघुरूप, वापरात होता.

पुढे त्यात दोष आढळला. साध्या संख्येपुरता तो ठीक चाले. परंतु अनेक घटक एकत्र बांधलेल्या रचनेवर वापरल्यास जीसीसी कंपायलरच्या ४.६ व ४.७ या आवृत्त्या ती ताकीद गाळू शकत. शिवाय वाचायचे आहे की लिहायचे, हेही नावावरून कळत नसे. म्हणून २०१४-१५ मध्ये ‘रीड वन्स’ व ‘राइट वन्स’ हे मॅक्रो आले. जुना मात्र लगेच पुसला नाही. पुसला असता तर अनेक ठिकाणचे काम अडले असते. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॉक्सिनेल या साधनाने सरळ जागा एकदम बदलण्यात आल्या; अवघड जागा माणसांनी एकेक करून बदलल्या. जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीत जुने नाव काढून टाकलेले होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा क्रम परिचित वाटतो. संविधानाच्या अनुच्छेद ३७२ ने पूर्वीचे कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. परंतु मूलभूत हक्कांशी ते जेवढे विसंगत, तेवढे अनुच्छेद १३ ने शून्य ठरवले. आपल्या कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले; निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला.

नवा नियम आला म्हणजे जुना आपोआप जात नाही. तो जागोजागी शोधावा लागतो, बदल तपासावा लागतो आणि शेवटी जुने नावही पुसावे लागते; अन्यथा अजाणता कोणीतरी ते पुन्हा वापरतो. कायद्याने गेलेली अस्पृश्यता मनामनांतून शोधून काढण्याचे आपले कामही असेच, चिकाटीचे आहे.

जय भीम!