फळ्यावर पंचगंगेची पातळी

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन आकडे पोराटोरांच्याही तोंडी असतात: ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर चहाच्या आधी पाणी कुठवर आलं ते बघायची सवयच घरोघरी लागली आहे. शहरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी हेच आकडे वर्गात आणले. दाराशेजारच्या फळ्यावर रोज एका जोडीनं इंग्रजीत तीन वाक्यं लिहायची: पाणी किती फुटांवर आहे, कालपेक्षा चढलं की उतरलं, कुठला रस्ता बंद आहे. बस्स. पोरं लिहू लागली आणि शेजारच्या तुकडीतली पोरं डब्याच्या सुट्टीत थांबून वाचू लागली.

त्याच्या आदलं वर्ष मात्र पार फसलं होतं. ज्यांना आपल्या वर्गाचं इंग्रजी भित्तिपत्रक काढायचं आहे त्यांनी आधी तेच ऐकावं.

त्या वर्षी सगळं रीतसर झालं. रंगीत कार्डशीट, चमकीचं शीर्षक, मुख्याध्यापकांच्या हस्ते उद्घाटन. विषय बाईंनीच ठरवून दिले: माझी शाळा, माझा आवडता सण, झाडांचं महत्त्व. पोरांनी गाईड उघडली, ज्यांच्या घरी दादा-ताई शिकलेली त्यांनी त्यांच्याकडून लिहून आणलं, काहींनी सरळ फोनवर एआयला सांगितलं. उरलंसुरलं बाईंच्या लाल पेनानं धुऊन निघालं. मग वर्गात जिचं अक्षर सगळ्यांत चांगलं तिनं सगळ्यांचे लेख उतरवून काढले. अंकात एकही चूक नव्हती आणि तो कोणी वाचलाही नाही. पुढच्या अंकांत तीच ती चार-पाच नावं फिरत राहिली, बाकीचा वर्ग खिडकीतून बाहेर बघायला मोकळा.

अपवाद एकाच मजकुराचा. वडणग्याकडून येणाऱ्या एका मुलानं घरच्या म्हशीवर लिहिलं होतं: ‘अवर बफेलो इज डिलिव्हर्ड. शी इज गिव्हिंग टू मच मिल्क. माय ग्रँडमदर इज नॉट स्लीपिंग.’ घाईत तेवढाच कागद तपासायचा राहून गेला आणि तसाच लागला. कुणीतरी त्याचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मुलाच्या घरी तो फोटो पोचायला रात्र उलटावी लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं इंग्रजीच्या तासाला वही उघडणंच सोडलं. त्या अख्ख्या अंकात जिवंत मजकूर तेवढाच होता. म्हैस व्यायली, दूध रग्गड येतंय, आजीला झोप नाही. तीन वाक्यांत गोठा आणि घर दोन्ही उभं राहतं. इतर लेखांतली झाडं मात्र ऑक्सिजन सोडण्यापलीकडे काहीच करत नव्हती.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आज आठवीत बसलेल्या पोराच्या मागे सात वर्षांचं इंग्रजी आहे. शब्द त्याला येतात, काळ ओळखता येतात, रिकाम्या जागाही भरता येतात. पण या सात वर्षांत त्यानं इंग्रजीत जे काही लिहिलं ते एकाच माणसासाठी, आणि त्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असतं. तपासणारा वाचक हा वाचक नव्हेच. तो मजकूर बघत नाही, चुका मोजतो. भित्तिपत्रकाचा खटाटोप करायचा तो या तपासनिसाच्या जागी दुसरा कोणीतरी उभा करण्यासाठी. ते जमणार नसेल तर चमकीचा खर्च वाचवावा.

ही युक्ती नवी नाही. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकानं १९२४ साली वर्गात छोटा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला होता, मोठ्यानं फार वेळ बोलणं त्याला झेपत नसे. मुलं गावात फिरून जे बघत ते लिहीत, स्वतः खिळे जुळवत आणि छापत. पुढे त्यानं दूर ब्रिटनीतल्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू केली. समुद्रकाठची तिकडची मुलं काय खातात, कशी राहतात, हे बार-सुर-लूच्या डोंगरातल्या मुलांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यामुळे पानं वाचली जात. योगायोग असा की साधारण त्याच सुमारास अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत होते. ते मराठीत होतं आणि लेखणी गुरुजींची होती, पण मुलं ते वाचायला धावत, कारण त्यात त्यांच्याच जगातलं काहीतरी असे. खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवातून शिकणं, लिहिणं कसं उगवतं ते वर्षानुवर्षं करून दाखवलं. इंग्रजीच्या तासाला आपण हे सगळं विसरतो. जणू इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाला घर, गोठा, गल्ली काहीच नसतं.

दुसऱ्या वर्षी बाईंनी शीर्षक, सजावट, उद्घाटन सगळं उडवलं. पुराच्या फळ्यापासून सुरुवात केली, कारण तिथे खोटं लिहायची सोय नव्हती. आकडा चुकला तर पुढचा मुलगा लगेच ओरडायचा. दक्षिण भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात जो बंगलोर प्रकल्प चालवला त्याची आठवण इथे हटकून होते. त्यांनी शाळांतल्या मुलांपुढे व्याकरणाऐवजी रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब असली कोडी ठेवली; लक्ष उत्तर काढण्याकडे, भाषा ओघात येते. पंचगंगेचा तक्ता हे तसलंच कोडं, फक्त उत्तरावर आपली शाळा भरणार की नाही हे ठरतं.

पाऊस ओसरल्यावर फळा थंडावला. तो पुन्हा पेटला फुटबॉलनं. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे पटकन कळत नाही. इथे तालमी कुस्तीच्या, तशाच फुटबॉलच्याही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की पेठा रिकाम्या होतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीबोळांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. एका मुलानं पाटाकडीलच्या विजयाचा वृत्तान्त लिहिला, त्यात एक गोल ‘क्लीन’ असल्याचं ठासून म्हटलं. मधल्या सुट्टीत शेजारच्या तुकडीतल्या दिलबहारवाल्यानं खाली खडूनं लिहिलं, ‘ऑफसाइड! यू वेअर स्लीपिंग?’ पहिल्यानं उत्तर दिलं, त्याला प्रत्युत्तर आलं. बाईंनी दोन तास फळ्याला हात लावला नाही. मराठीतून भांडता येत असताना पोरं इंग्रजीतून भांडत होती, याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्या परीक्षेत मिळतं?

चुकांचं काय, हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांतही यावरून चांगली जुंपली होती. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली लिहिलं की दुसऱ्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्यानं फायदा होत नाही, उलट नुकसान होतं, तेव्हा हा प्रकार बंदच करावा. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना खोडून काढलं. पुढच्या संशोधनात असं दिसलं की एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर बोट ठेवलं, उदाहरणार्थ ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं, तर शिकणारे ते उचलतात. मराठीत हा प्रकारच नसल्यानं आपली पोरं तिथे हमखास अडखळतात. बाईंनी मग महिन्याला एकच चूक धरायचं ठरवलं. बाकीच्या चुका तशाच राहू द्यायच्या, मग पाहुणे येवोत की अधिकारी. हे मात्र सोपं नाही. निरीक्षणाला आलेल्या साहेबांसमोर ‘टू मच मिल्क’ भिंतीवर राहू द्यायला शिक्षकाचं काळीज घट्ट लागतं. त्यावर तोडगा म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात एक मराठी पाटी लावली: हे लेखन मुलांचं आहे, या महिन्यात आपण अमुक शिकतो आहोत. पालकांची कुजबुज त्यानं बरीच थांबली.

लिहिणं वर्गातच, कागदावर, पेन्सिलीनं. घरी पाठवलं की मजकूर मोठ्यांचा किंवा यंत्राचा होऊन परत येतो. लिहिण्याआधी जोडीजोडीनं मराठीत भरपूर गप्पा मारू द्याव्यात. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढला तर दंड करणाऱ्या शाळा अजून आहेत. तिथली मुलं शेवटी दोन्ही भाषांत गप्प बसतात. मराठीत जे नीट सांगता आलं त्याचंच इंग्रजी होतं. तालीम, गुऱ्हाळ, पांढरा रस्सा यांसाठी इंग्रजी शब्द हुडकत बसण्यापेक्षा ते तसेच ठेवावेत.

फोटोच्या प्रकरणानंतर बाईंनी एक नियम कडक केला: फळ्याचा फोटो कुठेही जाणार नाही, ग्रुपवरही नाही. पत्रकावर फक्त पहिलं नाव, गल्ली किंवा घराचा पत्ता नाही, घरातल्या आजारपणाचा वा भांडणाचा मजकूर लावण्याआधी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारायचं. हे फाजील काळजीचं लक्षण नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती डिजिटल रूपात हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी म्हशीवाल्या मुलाची वही पुन्हा उघडायला सहामाही परीक्षा उलटून गेली होती.

एक अडचण मात्र उरलीच. शेजारची तुकडी किती झालं तरी मराठी बोलते; तिच्यासाठी इंग्रजीची खरी गरज नाही. इंग्रजीवाचून ज्याच्याशी अडेल असा वाचक हवा तर तो लंडनला शोधायला नको, दोनेक तासांच्या वाटेवर कर्नाटकातल्या चिकोडी-अथणीकडे कानडी शाळांत बसलेला आहे. दोन्हीकडच्या पोरांना बोलायला समान विषयही आहे: कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. अथणीच्या घराघरांत तीच चप्पल शिवली जाते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं आणि भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं कबूल केलं. इंग्रजीतल्या पत्रानं काय होतं हे पोरांनी बातम्यांत पाहिलं होतं, वर्गात समजावून सांगायची गरज पडली नाही.

यंदा बाईंनी पत्रांचं पाकीट तिकडे धाडायचं ठरवलं आहे. प्रत्येक मुलाचा एक कागद, एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी. तिकडच्या शिक्षकांशी आधी बोलून ठेवलं आहे की उत्तर पंधरवड्यात यायलाच हवं. महिनाभर काही आलं नाही तर पोरांचा उत्साह संपतो आणि पुढचं पाकीट भरत नाही. पत्रात निदान दोन प्रश्न असे पाहिजेत की ज्यांचं उत्तर फक्त पलीकडच्यालाच माहीत आहे. तुझ्या घरी चपलेची वेणी कोण घालतं, चामडं कुठून येतं, पावसात चप्पल भिजली तर काय करता. ‘हाऊ आर यू’ हा प्रश्न त्यात धरायचा नाही, असं वर्गात आधीच ठरलं आहे.