नाव एक, बँड दोन : मग नाव नेमके कोणाचे?

वर्गात दोन प्रसाद असले की बाई हजेरी घेताना काय करतात? एकाला 'प्रसाद जा.' आणि दुसऱ्याला 'प्रसाद पा.' म्हणतात. दोन्ही प्रसाद आपापल्या घरी नुसते 'प्रसाद'च असतात, कारण तिथे दुसरा प्रसाद नसतो. अडचण होते ती दोघे एका वर्गात आल्यावर.

संगीताच्या जगातही अगदी असेच घडते. दोन वेगवेगळ्या देशांत, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन बँड एकच नाव घेतात. आपापल्या देशात दोघांचेही छान चाललेले असते. मग एखादा बँड गाजतो, त्याच्या गाण्यांची तबकडी दुसऱ्या देशाच्या दुकानात पोचते, आणि प्रश्न उभा राहतो : हे नाव कोणाचे? आधी ठेवले त्याचे, की जगाला ज्याच्यामुळे माहीत झाले त्याचे? आजच्या पाठात आपण हाच प्रश्न खऱ्या उदाहरणांतून समजून घेऊ.

१) एकच नाव दोघांना सुचते कसे?

पहिली गोष्ट लक्षात घ्या : यात बहुतेक वेळा चोरी नसते. बँडची नावे साध्या, रोजच्या शब्दांतून येतात. शब्द मोजके आणि बँड हजारो, तेव्हा टक्कर होणारच.

'कॅलिडोस्कोप' हा शब्द घ्या. काचेच्या तुकड्यांची नक्षी दाखवणारी ही नळी तुम्ही जत्रेत पाहिली असेल. १९६७ या एकाच वर्षी इंग्लंडमधल्या कॅलिडोस्कोप नावाच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि अमेरिकेतल्या कॅलिडोस्कोप नावाच्या बँडचाही पहिला अल्बम आला! तो काळच रंगीबेरंगी, स्वप्नाळू संगीताचा होता. दोघांनाही तोच शब्द आवडावा यात नवल नाही.

'स्किड रो' हे आणखी एक नाव. अमेरिकन बोलीत याचा अर्थ शहरातली दारिद्र्याने गांजलेली वस्ती. १९६७ मध्ये डब्लिनमध्ये या नावाचा आयरिश बँड निघाला. पुढे खूप प्रसिद्ध झालेले फिल लायनट आणि गॅरी मूर हे दोघेही त्यात होते. जवळजवळ वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत दुसरा 'स्किड रो' उभा राहिला आणि हेवी मेटल संगीतात गाजला. गंमत म्हणजे, सुरुवातीच्या दिवसांत अमेरिकेतल्याच आणखी एका नवख्या बँडने काही काळ हेच नाव लावले होते. तो बँड नाव बदलत बदलत शेवटी 'निर्वाणा' झाला, आणि तिथे दुसरीच टक्कर त्याची वाट पाहत होती.

२) मुख्य उदाहरण : दोन 'निर्वाणा'

'निर्वाण' हा शब्द आपल्याला नवा नाही. दिवा विझावा तसे विझून जाणे, म्हणजेच तृष्णा आणि दुःख यांतून सुटका, हा बौद्ध विचारातला अर्थ. १९६० च्या दशकात पश्चिमेच्या तरुणांना भारतीय शब्दांचे मोठे आकर्षण होते. लंडनमध्ये पॅट्रिक कॅम्पबेल-लायन्स हा आयरिश आणि अॅलेक्स स्पायरोपूलस हा ग्रीक तरुण एकत्र आले. त्यांनी आपल्या बँडचे नाव ठेवले 'निर्वाणा'. १९६७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात एकच गोष्ट गाण्यांमधून सांगितलेली आहे. सोबतीला वाद्यवृंद, सूर नाजूक. १९६८ मध्ये त्यांचे 'रेनबो चेसर' हे गाणे इंग्लंडमध्ये थोडेफार चालले. मोठे नाव मात्र झाले नाही.

आता वीस वर्षे पुढे या. १९८७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या अॅबरडीन या छोट्या गावात कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोवोसेलिक यांनी बँड सुरू केला. १९८९ मध्ये त्यांचा 'ब्लीच' आणि सप्टेंबर १९९१ मध्ये 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला. जानेवारी १९९२ मध्ये 'नेव्हरमाइंड' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तोही मायकल जॅक्सनच्या अल्बमला खाली सारून. कर्कश गिटार आणि तळमळीचा आवाज. लंडनच्या निर्वाणाशी याचे दुरूनही नाते नाही.

विचार करा, लंडनच्या त्या दोघांना तेव्हा काय वाटले असेल? नाव त्यांचे, पंचवीस वर्षे जुने. पण आता 'आम्ही निर्वाणा' असे म्हटले, तर लोक त्यांनाच नक्कल करणारे समजणार! १९९२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि दोन्ही बँडना तेच नाव वापरता येईल असे ठरले.

याचा शेवट मोठा गोड आहे. १९९६ मध्ये लंडनच्या निर्वाणाचा एक अल्बम आला. त्यात त्यांनी अमेरिकन निर्वाणाचे 'लिथियम' हे गाणे आपल्या पद्धतीने गायले. ज्यांच्याशी नावावरून भांडण झाले, त्यांचेच गाणे! कर्ट कोबेन त्याआधी दोन वर्षे, एप्रिल १९९४ मध्ये, हे जग सोडून गेला होता.

३) दुसरा मार्ग : नावाला शेपूट जोडा

सगळ्यांनाच अशी तडजोड मिळत नाही. मग 'प्रसाद जा.' सारखा उपाय करावा लागतो. ही तीन उदाहरणे पाहा.

• द बीट : इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधला 'द बीट' हा स्का संगीताचा बँड १९७८ मध्ये सुरू झाला. पण अमेरिकेत पॉल कॉलिन्सच्या 'द बीट' या बँडचा अल्बम १९७९ मध्येच निघाला होता. म्हणून इंग्लिश बँड अमेरिकेत 'द इंग्लिश बीट' झाला. पुढे कॉलिन्सचा बँडही 'पॉल कॉलिन्स बीट' म्हणून ओळखला जाऊ लागला. थोडक्यात, दोघांनाही शेपूट लागले!

• स्वेड : १९९३ मध्ये या लंडनच्या बँडला पहिल्याच अल्बमसाठी मर्क्युरी पारितोषिक मिळाले. अमेरिकेत मात्र 'स्वेड' याच नावाने गाणारी एक गायिका आधीपासून होती. तिने कायद्याचा आधार घेतला. तेव्हापासून हा गाजलेला बँड अमेरिकेत 'द लंडन स्वेड' आहे. इथे मोठ्या बँडला नमते घ्यावे लागले, हे ध्यानात ठेवा.

• बुश : हा इंग्लंडचा बँड कॅनडात गेला, तर तिथे १९७० मध्ये 'बुश' नावाच्या कॅनेडियन बँडचा अल्बम येऊन गेलेला. तो बँड केव्हाच बंद पडला होता, तरी नावावरचा हक्क शिल्लक होता. म्हणून कॅनडात इंग्लिश बँडचे नाव 'बुश एक्स' ठेवावे लागले. १९९७ मध्ये जुन्या बँडचे गिटारवादक डोमेनिक ट्रोयानो यांनी नाव वापरू दिले. त्याच्या बदल्यात दोन सेवाभावी संस्थांना प्रत्येकी २०,००० डॉलर देणगी द्यायची, असे ठरले. त्यांतली एक संस्था संगीतोपचारासाठी काम करणारी होती. भांडण मिटले आणि कोणाचे तरी भलेही झाले.

४) आधीचा कोण आणि मोठा कोण?

'वन डायरेक्शन' तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. २०१० मध्ये ब्रिटनच्या दूरदर्शन स्पर्धेत पाच मुलांना एकत्र करून हा गट तयार झाला. मार्च २०१२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला. पण कॅलिफोर्नियात 'वन डायरेक्शन' नावाचा तरुण मुलांचा एक बँड त्याआधीपासून होता. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी दावा केला. त्याच वर्षी तडजोड झाली. ब्रिटिश मुले 'वन डायरेक्शन'च राहिली आणि अमेरिकन बँडने 'अनचार्टेड शोअर्स' असे नवे नाव घेतले.

इथे एक महत्त्वाची कल्पना शिकायची आहे. नेहमीचा गोंधळ कसा असतो? छोटा दुकानदार मोठ्या दुकानाचे नाव लावतो आणि गिऱ्हाईक फसते. पण कधी कधी उलटे होते. मोठा नंतर येतो आणि आपल्या प्रचंड आवाजात आधीच्या छोट्याला बुडवून टाकतो. छोटा खरा असूनही लोक त्यालाच खोटा समजतात. अमेरिकेच्या कायद्यात याला उलटा गोंधळ म्हणतात आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. निर्वाणाच्या गोष्टीत लंडनच्या दोघांची अडचण नेमकी हीच होती. प्रसिद्धी मोठी असली म्हणून हक्क आपोआप मोठा होत नाही.

५) कायदा काय सांगतो?

अनेकांना वाटते की नावाचा 'कॉपीराइट' असतो. तसे नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना कॉपीराइटचे संरक्षण मिळते. नावाला संरक्षण मिळते ते ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्हाच्या कायद्याने. त्याचे तीन मुद्दे पाठ करा.

अ) ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारतात नोंदवलेले नाव अमेरिकेत आपोआप सुरक्षित होत नाही. म्हणूनच एक बँड एका देशात 'स्वेड' आणि दुसऱ्या देशात 'द लंडन स्वेड' असू शकतो.

आ) ट्रेडमार्क वर्गवार असतो. जगभरात मान्य असलेल्या पद्धतीत वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. करमणुकीच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात. एकाच नावाचा साबण आणि एकाच नावाचा बँड बहुधा सुखाने नांदू शकतात.

इ) आधी वापरणाऱ्याला मान असतो. आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा, १९९९ लागू आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. पण नोंदणी नसली तरी जो आधीपासून सतत नाव वापरत आला आहे, त्याचा वापर नंतर नोंदणी करणारा थांबवू शकत नाही. म्हणून जुनी पोस्टरे, तिकिटे, तारीख असलेली जाहिरात हे सगळे जपून ठेवायचे असते. तोच पुरावा!

६) आता सगळे एकाच वर्गात

दिल्लीच्या पलाश सेन यांचा 'यूफोरिया' हा बँड तुमच्या आई-बाबांना नक्की आठवेल. १९९८ मधल्या 'धूम' अल्बममुळे तो घराघरांत पोचला. पण ऑस्ट्रेलियातही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'यूफोरिया' नावाचा नृत्यसंगीताचा गट होता, आणि कॅनडातही एक होता. कॅसेटच्या काळात दादरच्या दुकानात यूफोरिया मागितले की दिल्लीचाच मिळायचा. मेलबर्नच्या दुकानातला दुकानदार दुसरे काही देणार. म्हणजे तेव्हा दुकानच निवड करून देत होते.

आता सगळ्या जगाचे दुकान एकच, आणि शोधायची चौकटही एकच. नाव टाइप केले की सगळे यूफोरिया एका रांगेत उभे! एका बँडचे गाणे दुसऱ्याच्या नावाखाली जमा होते असेही घडते. ऐकणाऱ्याला ती गंमत वाटेल. गाणाऱ्याला मात्र श्रेय आणि पैसा दोन्ही गमवावे लागू शकतात.

यावरचा उपाय पुन्हा हजेरीपटातच आहे : हजेरी क्रमांक! कलावंतांसाठी आय.एस.एन.आय. नावाचा १६ अंकी क्रमांक असतो आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी आय.एस.आर.सी. नावाचा १२ अक्षर-अंकांचा संकेत असतो. नाव सारखे असले तरी क्रमांक वेगळा, म्हणजे माणूस वेगळा.

७) आपण कसे ओळखायचे?

प्रकल्पासाठी एखाद्या बँडची माहिती जमवताना नुसते नाव पाहून उतरवून घेऊ नका. हे चार प्रश्न विचारा :

१. बँड कोणत्या देशातला, कोणत्या गावातला?
२. कोणत्या वर्षी सुरू झाला? अल्बमचे वर्ष त्याच्याशी जुळते का?
३. सदस्य कोण? दोन ठिकाणी सदस्यांची नावे एकच आहेत का?
४. रेकॉर्ड कंपनी कोणती?

यांतली दोन उत्तरे जुळली नाहीत, तर थांबा. १९६७ चा अल्बम कर्ट कोबेनच्या नावावर दिसला तर? कोबेनचा जन्मच १९६७ चा! एवढ्यावरून चूक पकडता येते.

थोडक्यात

नाव म्हणजे माणूस नव्हे. नाव ही हाक आहे, आणि हाक जिथवर ऐकू जाते तिथवरच ती पुरेशी असते. आवार वाढले की हाकेला गाव, वर्ष किंवा क्रमांक जोडावा लागतो. आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच नाव, असे धरून चालू नका. आधी आलेला छोटा कोणी आहे का, हे पाहायची सवय ठेवा.

स्वाध्याय

१. कॉपीराइट आणि ट्रेडमार्क यांतला फरक उदाहरणासह तीन-चार वाक्यांत लिहा.
२. 'उलटा गोंधळ' म्हणजे काय? पाठातले कोणते उदाहरण तुम्हांला सर्वांत पटले? का?
३. स्वेड आणि वन डायरेक्शन या दोन गोष्टींचे शेवट वेगळे का झाले असतील? गटात चर्चा करा.
४. तुमच्या गावातल्या एकाच नावाच्या दोन दुकानांची, मंडळांची किंवा भजनी मंडळांची नावे शोधा. लोक त्यांना वेगळे कसे ओळखतात ते विचारून लिहा.
५. कल्पना करा : तुमच्या शाळेच्या बँडचे नाव दुसऱ्या देशात गाजलेल्या बँडच्या नावासारखेच निघाले. तुम्ही नाव बदलाल, शेपूट जोडाल की हक्क सांगाल? कारणासह दहा ओळी लिहा.