मातांसाठी पाठ : हन्ना घरी का राहिली?

वाचावयाचा भाग : १ शमुवेल १:१९-२८ व २:१८-२१

हन्नेचे अश्रू व तिची प्रार्थना आपणां सर्वांस ठाऊक आहेत; परंतु शमुवेल जन्मल्यानंतर तिने काय केले, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एलकाना वार्षिक यज्ञासाठी शिलोस निघाला, तेव्हा बाळाचे दूध तुटेपर्यंत आपण येणार नाही, असे तिने त्यास कळविले. त्याने राग न धरता तिला योग्य वाटेल तसे करण्याची मोकळीक दिली.

ह्यावरून पहिला धडा हा की, तान्ह्या लेकराजवळ राहणे ही देवाच्या सेवेत कुचराई नव्हे; ती सेवाच होय. आपल्या मंडळ्यांत कित्येकदा असे घडते की, रात्रभर बाळास खांद्यावर घेऊन जागलेली आई उपासनेस आली नाही, तर लोक तिजला विश्वासात थंडावलेली म्हणतात. आली आणि मूल रडले, तर माना वळवून तिजकडे पाहतात. मग तिने जावे तरी कोठे? उपदेशकांनी अशा घरी स्वतः जाऊन चार वचने वाचावी, व शेजारणींनी घटकाभर मूल सांभाळून तिजला झोपू द्यावे.

दुसरा धडा आम्ही पुणे शहरातील एका मातेपासून घेतो. १८८२ साली पंडिता रमाबाईंचे पती वारले, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. त्याच वर्षी त्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, व हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. एवढी विदुषी, तरी तीसही न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींचा आधार लागला. एकट्या आईने सर्व भार वाहावा, अशी देवाची इच्छा नाही. १८८३ साली वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत कार्य करिताना रमाबाईंस मनोरमेला इंग्लंडातील भगिनींकडे ठेवावे लागले. तो वियोग सोपा नव्हता. पण हीच कन्या मोठी होऊन केडगावच्या मुक्ती मिशनात आईचा उजवा हात झाली.

हन्नाही दरवर्षी लहानसा झगा शिवून शिलोस नेत असे. मूल किती वाढले असेल, ह्याचा मनाशी अंदाज बांधीत घातलेल्या त्या टाक्यांत वियोगाचे दुःख होते आणि आईचा आनंदही होता.

तिसरा धडा देहाच्या काळजीविषयी. पहिले 6 महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, घुटी, मध काही नको, आणि झोपविण्यासाठी अफू तर कदापि नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे. 6 महिन्यांनंतर मऊ भात व वरण सुरू करावे, आणि 2 वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावर पाजावे. हगवण लागल्यास दूध बंद करू नये; उकळून निवविलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे, आणि बाळ मलूल दिसताच दवाखान्यात न्यावे. लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्या.

आणखी एक गोष्ट. बाळंतपणानंतर एखादी आई 2 आठवड्यांहून अधिक काळ रडत राहते, तिची झोपभूक जाते, बाळाकडे पाहणेही तिजला नकोसे होते. तिच्या विश्वासाला बोल लावू नका. तो आजार आहे व त्यावर उपाय आहे. तिजसाठी प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी तिजला डॉक्टरकडे घेऊन जा. दोन्ही गोष्टी एकाच प्रभूच्या प्रीतीच्या आहेत.

विचारासाठी प्रश्न : (१) एलकानाप्रमाणे आपल्या मंडळीतील पती वागतात काय? (२) आपल्या गावी ह्या आठवड्यात कोणत्या मातेस मदतीची गरज आहे, आणि तिच्या दारी प्रथम कोण जाईल?