आधी व्होल्टेज उतरू दे

अगं, प्रोजेक्टला एलएलसी कन्व्हर्टर आला म्हणून इतकी हवालदिल होऊ नकोस. ती पानभर समीकरणं आज बाजूला ठेव नि ऐक.

बघ, हार्ड स्विचिंगमध्ये मॉसफेट चालू होतो तेव्हा त्याच्यावर अख्खं व्होल्टेज असतं आणि त्यातच करंट सुरू होतो. शिवाय त्याच्या आउटपुट कपॅसिटन्समधली ऊर्जा त्याच्याच पोटात जळते. ४०० व्होल्ट आणि २०० पिकोफॅरड धर, की झाले १६ मायक्रोज्यूल. किरकोळ वाटतात ना? सेकंदाला १ लाख वेळा झालं की १.६ वॅट नुसते तापण्यात जातात.

म्हणून कुकरची वाफ जाऊ द्यायची, मगच झाकण काढायचं! एक मॉसफेट बंद झाला, दुसरा अजून लागलेला नाही, त्या मधल्या डेड टाइममध्ये ट्रान्सफॉर्मरचा मॅग्नेटायझिंग करंट दुसऱ्यावरचं व्होल्टेज उतरवतो. बॉडी डायोड चालू झाला की गेट द्यायचा. यालाच झेडव्हीएस, म्हणजे झीरो व्होल्टेज स्विचिंग म्हणतात.

खरं सांगू का, सगळी मेख इथेच आहे. दोघांचे मिळून ४०० पिकोफॅरड २०० नॅनोसेकंदांत रिकामे करायचे तर ०.८ अँपिअर लागतो. एवढा हिशोब तुला सहज येतो गं. डेड टाइम कमी पडला तर गेट आधी येतो. फार वाढवलास तर करंट उलटतो आणि व्होल्टेज पुन्हा चढतं. करंट वाढवायला मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स कमी करता येतो, पण मग तो जास्तीचा करंट सतत फिरत राहतो नि त्याचं तापणं वेगळं.

स्कोपवर खालच्या मॉसफेटचा ड्रेन आणि गेट एकत्र बघ. ड्रेन आधी खाली टेकायला हवा. गेट चढताना मध्येच सपाट पायरी दिसली, तर ड्रेन अजून पुरता उतरलेला नाही असं समज. आणि हो, डिफरेन्शियल प्रोब मागून घेच. मेन्सच्या बाजूला साधी ग्राउंड क्लिप अजिबात लावायची नाही. बंद केल्यावरही बल्क कपॅसिटरचं व्होल्टेज मोजल्याशिवाय हात घालू नकोस.

सुरुवात जास्त फ्रिक्वेन्सीवरून कर आणि हळूहळू खाली ये. गेनचं शिखर ओलांडून खाली गेलीस तर झेडव्हीएस जातं आणि मॉसफेट उडू शकतो. कंट्रोलरमध्ये किमान फ्रिक्वेन्सीची मर्यादा आजच घाल, आणि पहिली वेव्हफॉर्म आली की फोटो पाठव मला.