पासपोर्टातले दोन दिवस

वरळी, मुंबई

चि. बाळ हिस,

तुझा जुना पासपोर्ट सापडला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि इथे आवराआवर सुरू झाली. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांनी साठवलेलं सामान. रद्दीवाल्याच्या काट्यावर लग्नपत्रिका, लाइट बिलं, शाळेचे दाखले सगळंच चढत होतं. आजीच्या ट्रंकेत शालीखाली कोपरा कापलेला पासपोर्ट निघाला. ‘हा रद्द झालाय, टाकायचा ना?’ असं मामी म्हणाली आणि मी तो आधी तिच्या हातातून काढून घेतला.

रद्द पासपोर्टावर प्रवास करता येत नाही, पण त्यातले शिक्के खोटे होत नाहीत. तुला आता तेच लागणार आहेत: कॅनडाचं नागरिकत्व मागणाऱ्याला अर्जावर सही करायच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष त्या देशात काढल्याचं दाखवावं लागतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळण्यापूर्वीचा, म्हणजे तुझ्या शिक्षणाच्या काळातला, एक दिवस अर्धाच मोजतात आणि असे जास्तीत जास्त ३६५ दिवस धरतात. मग देशाबाहेरच्या प्रत्येक फेरीची तारीख लिहायची. तुझ्यासारखी दर गणपतीला घरी येणारी मुलं नेमकी इथेच अडखळतात.

त्या पासपोर्टातलं एक पान बघ. मुंबई विमानतळाचा शिक्का आहे, ३० ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी, ३१ ला, गणपती बसले. पण तू टोरांटोहून निघालीस २८ च्या संध्याकाळी. मधे युरोपात विमान बदललंस आणि मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत उतरलीस. शिक्का बघून ‘कॅनडा सोडलं, ३० ऑगस्ट’ असं लिहिलंस तर २९ आणि ३० हे दोन दिवस कॅनडात काढल्याचं तू लिहून देतेस, आणि ते खरं नाही. परतताना गंमत उलटी. १९ सप्टेंबरच्या रात्री जेवून घरातून निघालीस, म्हणून सगळे म्हणतात ‘एकोणीसला गेली’. शिक्का २० चा आहे आणि टोरांटोलाही तू २० लाच उतरलीस. सोडल्याचा आणि पोचल्याचा दिवस कॅनडात धरला जातो, म्हणजे ही फेरी २२ दिवसांची. मुंबईच्या शिक्क्यांवरून मोजली तर २० भरते.

घरच्यांना विचारशील तर ते सणांवर तारीख सांगतील. त्याला हसू नकोस, त्यातून धागा सापडतो. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला होते, २०२४ ला ७ सप्टेंबरला. ‘गौरी गेल्या आणि ती निघाली’ एवढ्यावर आठवडा पक्का होतो. पक्की तारीख मात्र कागदावरूनच घे. विमान कंपनीची ईमेल, बोर्डिंग पास, कार्डाचं स्टेटमेंट, मोबाइलमधल्या फोटोची तारीख. कॅनडाच्या सीमा खात्याकडून स्वतःच्या प्रवेशांची नोंदही मागवता येते.

शिक्क्यांवर सगळा भरवसा टाकू नकोस. ब्रिटनच्या ई-गेटमधून ठरावीक देशांची माणसं शिक्क्याशिवाय आत जातात. युरोपातही १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली. नायगारा ओलांडून मैत्रिणींबरोबर बफेलोला खरेदीला जाऊन संध्याकाळी परत आलीस, तर दिवस कापला जात नाही, पण ती फेरीही यादीत लिहायची असते. पासपोर्टात काहीच उमटलेलं नसलं तरी सीमेवरच्या संगणकात असतं.

लालबागच्या ओळखीतल्या एका मुलाने अंदाजाने तारखा भरल्या. अधिकाऱ्यांनी खुलासा मागवला आणि बिचाऱ्याने चार महिने जुन्या तिकिटांच्या मागे घालवले. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, फक्त लिहून ठेवलेलं नव्हतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं, तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. मोजणीत चूक राहू शकते, म्हणून १०९५ भरले की त्याच दिवशी धावू नकोस, वर काही आठवडे राहू दे. तिथलं सरकारही हेच सुचवतं.

तुझ्या अमेरिकेतल्या दादाला हे वाचायला दे. त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांतली २४ तासांहून मोठी प्रत्येक फेरी विचारतात, आणि एकच फेरी सहा महिन्यांवर गेली तर वास्तव्य तुटलं नाही हे त्यालाच पटवून द्यावं लागतं. लंडनच्या ताईला पाच वर्षांत ४५० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहता येत नाही, शेवटच्या वर्षात ९० हून.

नवीन पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर असतो, तो या पासपोर्टाशी ताडून बघ. तुझा पहिला पासपोर्ट काढायला आपण अ‍ॅनी बेझंट रोडवर चालत गेलो होतो. ते ऑफिस आता बीकेसीच्या विदेश भवनात गेलं. तिकडचं नागरिकत्व मिळालं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं आपोआप जातं आणि पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. त्याआधी पानन् पान स्कॅन करून ठेव.

जुन्याची सगळी पानं आज फोनवर पाठवली आहेत. मूळ पासपोर्ट पोस्टाने नाही पाठवत, कोणी येणारं असलं तर हातात देईन. २०२४ ची फेरी मात्र जुळत नाही. तू ४ सप्टेंबरला मुंबईत उतरलीस म्हणतेस, आणि मामीच्या फोनमध्ये तुला सहार विमानतळाहून आणलेल्या टॅक्सीतला फोटो ५ च्या पहाटेचा आहे. तिकीट शोधून कळव.

तुझा,
मामा