कायद्यापुढे सगळे समान? – मॅक्लेस्की खटला



'कायद्यापुढे सगळे समान' हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण कायदा राबवतात ती माणसंच. म्हणून अमेरिकेतला हा खटला मोठ्या मुलांना जरूर सांगा.

1978 साली जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात फर्निचरच्या दुकानावर दरोडा पडला. त्यात एक गोरा पोलीस मारला गेला. वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीला मृत्युदंड झाला. ज्युरीत 11 गोरे, एक कृष्णवर्णीय. गुन्हा गंभीर होता, त्यात वाद नाही. वाद होता तो शिक्षा कशी ठरते याचा.

त्याच्या वकिलांनी प्राध्यापक डेव्हिड बाल्डस यांचा अभ्यास न्यायालयापुढे ठेवला. त्यात जॉर्जियातली 2,000 हून जास्त खुनाची प्रकरणं तपासली होती. गुन्ह्याचं स्वरूप वगैरे इतर गोष्टी हिशोबात धरूनही, मृत व्यक्ती गोरी असेल तर मृत्युदंडाची शक्यता 4.3 पट निघाली!

फरक ज्युरीच्याही आधी सुरू होतो. मृत्युदंड मागायचा की नाही, हे सरकारी वकील ठरवतो. आरोपी काळा आणि मृत गोरा असेल तर 70 टक्के प्रकरणांत तो मागितला गेला. दोघंही गोरे असतील तर 32, आरोपी गोरा आणि मृत काळा असेल तर 19, दोघंही काळे असतील तर 15 टक्के. शेकडेवारी शिकलेल्या मुलांसमोर हे चार आकडे नुसते फळ्यावर लिहा. मुलं स्वतःच प्रश्न विचारतील. (वर्गात खोडी झाली की आपली नजर आधी कोणत्या बाकाकडे जाते, हेही एखादं पोर विचारेल. विचारू द्या.)

1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी मॅक्लेस्कीचं अपील फेटाळलं. आकडे खरे मानले तरी तुझ्याच खटल्यात कोणी मुद्दाम भेदभाव केला ते सिद्ध कर, असं बहुमताचं म्हणणं. आता मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? शिवाय हे मान्य केलं तर इतर शिक्षांनाही आव्हान मिळेल, अशी काळजी निकालात होती. ही तर जास्तच न्याय होण्याची भीती, असा टोला न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात लगावला.

बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल त्याच वर्षी निवृत्त झाले. एखादं मत बदलावंसं वाटतं का, असं पुढे त्यांच्या चरित्रकाराने विचारलं. हो, मॅक्लेस्की खटल्यातलं, असं ते म्हणाले.

मॅक्लेस्कीला सप्टेंबर 1991 मध्ये विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला.