डाळिंबाची साल आणि जखम : प्रयोगाचा अर्थ

काही वर्षांपूर्वी चहा सांडून पाय भाजलेल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आजी माझ्या दवाखान्यात आली. जखमेवर डाळिंबाच्या सालीच्या पुडीचा जाड थर बसला होता. खाली पू साचला होता. "प्रयोगात सिद्ध झालंय असं वाचलं होतं, डॉक्टर," असे आजी म्हणाल्या. त्यांचे वाचन खोटे नव्हते. परंतु नेमके काय सिद्ध झाले, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

डाळिंबाच्या सालीत टॅनिन वर्गातील पॉलिफिनॉल द्रव्ये विपुल असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाळवलेल्या सालीचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क जेलमध्ये मिसळून विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या जखमांवर लावण्यात आला. ५ टक्के अर्काच्या जेलने जखमा सुमारे १० दिवसांत, तर २.५ टक्के अर्काच्या जेलने १२ दिवसांत भरल्या. अर्कविरहित जेल लावलेल्या उंदरांना १६ ते १८ दिवस लागले.

अशा प्रयोगांत प्राण्यास भूल देऊन पाठीवरील त्वचेचा ठराविक आकाराचा तुकडा काढतात. जखम किती आकसली, नवी त्वचा किती दिवसांत आली, हे नोंदवतात. कोलॅजनच्या अंदाजासाठी ऊतकातील हायड्रॉक्सिप्रोलिन मोजतात.

निष्कर्ष आशादायक खरे. पण उंदराची त्वचा सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. मानवी जखम मात्र बहुतांशी नवे ऊतक तयार होऊन आणि त्यावर त्वचा पसरून भरते. हा फरक कमी करण्यासाठी काही संशोधक जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवतात. शिवाय प्रयोगातील जखम स्वच्छ, प्राणी निरोगी आणि अर्काचे प्रमाण निश्चित असते. घरातील पुडीत यांपैकी कशाचीच हमी नसते; तीत जंतूही असू शकतात.

म्हणजे प्राण्यांवरील प्रयोग हा उपचाराचा दाखला नव्हे. माणसांवर रीतसर चाचणी घेण्याजोगा प्रश्न हाती आला, एवढाच त्याचा अर्थ.

तोवर भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते थंड पाणी धरावे, बाळाचे उर्वरित अंग उबदार ठेवावे, स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकावी आणि डॉक्टरांकडे यावे. पूड, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही पाहावे.

त्या मुलाची जखम भरली, परंतु व्रण राहिला. आजींना मी रागावलो नाही. त्यांनी वाचले होते. समजावून सांगायचे आपणच राहिलो होतो.